नकाशा कोणाचा आणि कशाचा?
मानवी मेंदूच्या खोल केंद्रांतील दृष्टिक्षेत्राच्या मांडणीविषयी काही शंका

मेंदूमध्ये दृष्टिक्षेत्राचा नकाशा असतो हे विधान पाठ्यपुस्तकांतून आता इतके रुळले आहे की, त्यातील ‘नकाशा’ हा शब्द रूपक आहे ह्याचेही विस्मरण व्हावे. बाह्यकाच्या बाबतीत हे विस्मरण फारसे घातक ठरले नाही. परंतु गेल्या दोन दशकांत चुंबकीय अनुस्पंदनाच्या साह्याने मेंदूच्या खोल भागांतही असे नकाशे दाखविण्यात येऊ लागले आहेत. थॅलॅमसमधील लॅटरल जेनिक्युलेट पिंड, त्याच्याच मागील बाजूचा पल्व्हिनार आणि मध्यमस्तिष्काच्या छतावरील सुपीरियर कॉलिक्युलस ही ती तीन केंद्रे होत. जुन्या शारीरविदांनी नावे ठेवताना केवळ आकार पाहिला : पहिले गुडघ्यासारखे वाकलेले, दुसरे उशीसारखे, तिसरे टेकडीसारखे. कार्याविषयी त्यांनी काहीच गृहीत धरले नाही, आणि ह्या बाबतीत ते आपल्याहून सावध होते असे म्हणावेसे वाटते. आज तिन्ही ठिकाणी रंगीत चित्रे काढून एकच शब्द लावला जातो. प्रस्तुत टिपणात ह्या संशोधनाचे मोल नाकारावयाचे नाही. त्यातील काही निबंध अत्यंत कसोशीने केलेले आहेत. आक्षेप आहे तो ह्या एका शब्दाने होणाऱ्या सरमिसळीला.

प्रथम बाह्यकाच्या नकाशाचा उगम ध्यानी घेतला पाहिजे. रशिया-जपान युद्धात ज्यांच्या डोक्याच्या मागील भागातून गोळी आरपार गेली होती अशा सैनिकांची तपासणी करून तात्सुजी इनोउये ह्या जपानी नेत्रवैद्याने १९०९ मध्ये आपला ग्रंथ जर्मन भाषेत प्रसिद्ध केला. गोळीचा प्रवेश व निर्गम ह्यांवरून मेंदूचा कोणता भाग नष्ट झाला हे काढावयाचे, आणि दृष्टिक्षेत्रात कोठे अंधत्व आले हे त्याच्याशी ताडून पाहावयाचे, अशी त्याची रीत होती. पुढे पहिल्या महायुद्धात गॉर्डन होम्स व विल्यम लिस्टर ह्यांनी १९१६ मध्ये आणि नंतर एकट्या होम्सने १९१८ मध्ये हेच काम अधिक व्यापकपणे केले. होम्सच्या नकाशात मध्यवर्ती दृष्टीला दिलेली जागा वास्तवापेक्षा कमी होती, हे हॉर्टन व हॉइट ह्यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले. म्हणजे तपशील दुरुस्त झाला, पण पद्धतीचा पाया टिकला. तो पाया असा की, हे सर्व नकाशे हानीवरून काढलेले होते. अमुक तुकडा गेला की अमुक जागी दिसेनासे होते. नकाशाचा अर्थ त्या नकाशाच्या नाशातच सांगितलेला होता.

चुंबकीय अनुस्पंदनाने प्रश्नच बदलला. पडद्याच्या मध्यबिंदूवर नजर खिळवून पडून राहिलेल्या व्यक्तीसमोर बुद्धिबळाच्या पटासारख्या लुकलुकणाऱ्या नक्षीची एक पाचर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरविली जाते, किंवा एक कडे मध्यापासून परिघाकडे पसरत नेले जाते. मेंदूच्या प्रत्येक घनकणातील रक्तसंकेत कोणत्या क्षणी चढतो हे पाहिले की, तो कण दृष्टिक्षेत्राच्या कोणत्या दिशेला व मध्यापासून किती अंतरावर ‘बांधलेला’ आहे हे कळते. सेरेनो आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मानवी दृष्टिबाह्यकाच्या सीमा ह्याच युक्तीने आखल्या. २००८ मध्ये ड्यूमुलँ व वँडेल ह्यांनी प्रत्येक घनकणाला स्थानाबरोबरच विस्तारही असलेले एक सामुदायिक ग्राहीक्षेत्र कल्पून ही रीत अधिक काटेकोर केली. युक्ती मोठी सुरेख आहे. परंतु ‘काय गमावले?’ ह्या जुन्या प्रश्नाच्या जागी येथे ‘कोण प्रतिसाद देतो?’ हा प्रश्न आला आहे, आणि ह्या दोहोंची उत्तरे एकच असतील असे मानण्यास आधार हवा.

लॅटरल जेनिक्युलेट पिंडाच्या बाबतीत तो आधार उपलब्ध आहे. म्हणूनच श्नायडर, रिक्टर व कास्टनर ह्यांचा २००४ चा निबंध ह्या क्षेत्रातील सर्वांत भक्कम काम ठरतो. त्यांना असे आढळले की, प्रत्येक बाजूच्या पिंडात दृष्टिक्षेत्राचा विरुद्ध अर्धा भाग उतरलेला असतो; खालचा चतुर्थांश पिंडाच्या मधल्या-वरच्या अंगास, वरचा चतुर्थांश बाहेरच्या-खालच्या अंगास; आणि दृष्टीचा मध्य मागील बाजूस, तर परीघ पुढील बाजूस. माकडावरील शारीर अभ्यासावरून जे अपेक्षित होते तेच हे होय. ह्या पिंडाचे सहा थर असून पहिला, चौथा व सहावा थर विरुद्ध बाजूच्या डोळ्याशी आणि दुसरा, तिसरा व पाचवा त्याच बाजूच्या डोळ्याशी जोडलेला असतो. तरीही सहाही थरांतील मांडणी एकावर एक तंतोतंत बसते. पानांच्या थप्पीतून दाभण आरपार घातले, तर प्रत्येक पानावर ते दृष्टिक्षेत्राच्या एकाच बिंदूला भेदून जावे, असा हा प्रकार आहे. माकडामध्ये तर डोळ्यातील अंधबिंदूची खूणही विरुद्ध डोळ्याच्या थरांत पेशीविरहित खंडाच्या रूपाने सापडते. जेथे पाहणारे काही नाही, त्या जागेचीदेखील नोंद ह्या मांडणीने राखली आहे.

पण ह्या मांडणीला खरे बळ मिळते ते रुग्णशय्येवरून. ह्या पिंडाला दोन रोहिण्यांकडून रक्त मिळते. मधला, म्हणजे आडव्या मध्यरेषेचे प्रतिनिधित्व करणारा पट्टा पार्श्व कोरॉइड रोहिणीकडे, आणि दोन्ही कडा अग्र कोरॉइड रोहिणीकडे. स्वीडनमधील लार्स फ्रिसेन व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये असे रुग्ण वर्णिले की, ज्यांच्या दृष्टिक्षेत्रातून आडवी पाचर तेवढी नाहीशी झाली होती. आणि १९७९ मध्ये फ्रिसेनने नेमकी उलट अवस्था नोंदविली : वरची व खालची पाचर गेलेली, आडवी पाचर तेवढी शाबूत. एक रोहिणी बंद पडावी आणि तिने पोसलेल्या तुकड्याइतकेच जग दिसेनासे व्हावे, ह्याहून स्पष्ट पुरावा कोणता? येथे प्रतिसादाचा नकाशा आणि हानीचा नकाशा एकमेकांवर बसतात. शब्दाचा वापर येथे सार्थ आहे.

तरीही एक पथ्य पाळणे अवश्य आहे. ह्या पिंडातील पेशींवर ज्या चेतासंधी येतात, त्यांपैकी दृष्टिपटलाकडून येणाऱ्या केवळ पाच ते दहा टक्के असतात. उरलेल्या बाह्यकाकडून, मस्तिष्कस्तंभाकडून व स्थानिक पेशींकडून येतात. रक्तसंकेत हा पेशींनी पुढे धाडलेल्या संदेशांपेक्षा त्यांच्याकडे येणाऱ्या संदेशांशी व स्थानिक उलाढालीशी अधिक जुळतो, असे लोगोथेटिस आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखविले. ओ’कॉनर, फुकुई, पिन्स्क व कास्टनर ह्यांनी २००२ मध्ये हेही दाखविले की, समोरची आकृती तीच राहूनही व्यक्तीने अवधान वळविल्याबरोबर मानवी जेनिक्युलेट पिंडातील संकेत बदलतो. तेव्हा ह्या पिंडात आपण जो नकाशा पाहतो, त्यात दृष्टिपटलाचा किती वाटा आणि बाह्यकाने परत पाठविलेल्या त्याच नकाशाचा किती, हे केवळ चित्रावरून सांगता येणार नाही. फ्रिसेनचे रुग्ण हाताशी नसते, तर ही शंका अधिक गंभीर झाली असती.

आकारमानाचा विचारही करावयास हवा. मानवी जेनिक्युलेट पिंडाचे घनफळ साधारणतः शंभर ते दीडशे घन मिलिमीटर. २००४ च्या प्रयोगातील घनकण दीड × दीड × दोन मिलिमीटरचा, म्हणजे साडेचार घन मिलिमीटरचा होता. भागाकार केल्यास संपूर्ण पिंडाच्या वाट्याला पंचवीस-तीस कण येतात. त्यातही कडेचे कण अर्धे पिंडात व अर्धे बाहेर. सुपीरियर कॉलिक्युलसचा व्यास तर जेमतेम सहा मिलिमीटर. शिवाय नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी मस्तिष्कस्तंभ किंचित हलतो, आणि कॉलिक्युलसच्या शेजारीच द्रवाने भरलेली पोकळी व मोठ्या नीला आहेत. रक्तसंकेत मुळातच आजूबाजूस पाझरणारा. अशा परिस्थितीत चित्रात रंगांचा जो मोहक क्रमिक पालट दिसतो, त्याचा अर्थ लावताना जपून राहावे. समजा, केंद्राच्या एका टोकास वरच्या क्षेत्राच्या पेशी व दुसऱ्या टोकास खालच्या क्षेत्राच्या पेशी असून मध्ये कोणताही सूक्ष्म क्रम नाही. तरी संकेत पाझरल्यामुळे मधल्या कणांत दोहोंचे मिश्रण होऊन एक सुबक चढती श्रेणी आपोआप दिसेल. उलटपक्षी, पेशी वाटेल तशा विखुरलेल्या असत्या, तर मात्र असे चित्र निघाले नसते. म्हणजे ही पद्धत स्थूल क्रमाचा भरवसा देते, सातत्याचा देत नाही. नकाशा ह्या शब्दात मात्र सातत्य गृहीत असते.

आता कॉलिक्युलसकडे वळू. माझ्या आक्षेपाचा गाभा येथे आहे. ह्या केंद्राच्या मांडणीचा इतिहास दृष्टीपेक्षा हालचालीशी अधिक बांधलेला आहे. जूलिया ॲप्टर ह्या संशोधिकेने १९४५ मध्ये मांजराच्या कॉलिक्युलसवर दृष्टिपटलाचे प्रक्षेपण नोंदविले. लगेच १९४६ मध्ये तिने त्यावरील एका बिंदूस स्ट्रिक्निन लावून डोळ्यांवर प्रकाश टाकला, तेव्हा मांजराचे डोळे दृष्टिक्षेत्रातील नेमक्या त्याच बिंदूकडे वळले. १९७२ मध्ये रॉबिन्सन ह्याने जागृत माकडाच्या कॉलिक्युलसला विजेचे सूक्ष्म उद्दीपन देऊन असे दाखविले की, डोळ्यांची झेप किती व कोणत्या दिशेस व्हावयाची हे उद्दीपनाच्या स्थानावर अवलंबून असते. आरंभी डोळे कोठे होते ह्यावर नव्हे. पुढच्या टोकाशी लहान झेपा, मागच्या टोकाशी मोठ्या. आतल्या कडेस वर, बाहेरच्या कडेस खाली. ह्यापुढचे पाऊल अधिक बोलके आहे. १९८४ मध्ये जे व स्पार्क्स ह्यांनी कॉलिक्युलसमधील ध्वनीला प्रतिसाद देणाऱ्या पेशी तपासल्या. कान डोक्याला घट्ट बसलेले आहेत. तेव्हा ह्या पेशींची ग्राहीक्षेत्रे डोक्याच्या हिशेबाने ठरलेली असावीत असे कोणालाही वाटेल. पण माकडाने नजर बाजूला वळविली की ती ग्राहीक्षेत्रेही सरकत होती. म्हणजे ध्वनीदेखील ‘डोळे किती वळवावे लागतील’ ह्या भाषेत अनुवादित झालेला होता.

ह्यास दृश्य अवकाशाचा नकाशा म्हणावे काय? ‘तेथे काय आहे’ ह्याची ही नोंद नव्हे. ‘तिकडे वळण्यास किती वळावे लागेल’ ह्याची ती नोंद आहे. गावाचा नकाशा आणि वाटाड्याने सांगितलेली वाट ह्यांत जो फरक, तोच येथे. गाव एकच असतो. पण वाट सांगणाऱ्याच्या ‘उजवीकडे’ला ऐकणारा कोठे तोंड करून उभा आहे हे कळल्यावाचून अर्थ नसतो.

मानवातील कॉलिक्युलसवर श्नायडर व कास्टनर ह्यांचा २००५ चा निबंध आणि कात्याल व सहकाऱ्यांचा २०१० चा निबंध हे दोन टप्पे महत्त्वाचे आहेत. दुसरा अधिक विचारप्रवर्तक, कारण त्यात नुसते चित्र डोळ्यांसमोर फिरविले नाही. डोळे स्थिर ठेवून केवळ अवधान फिरविले, आणि त्याची मांडणी उद्दीपनाच्या मांडणीशी जुळते असे दाखविले. वरचे क्षेत्र आतल्या कडेस, खालचे बाहेरच्या कडेस, माकडाप्रमाणेच. हे फलित महत्त्वाचे आहे. तथापि ‘दृष्टीचा नकाशा व अवधानाचा नकाशा एकमेकांवर बसतात’ असे म्हणताना दोन नकाशे आहेत असे आधीच मानलेले असते. एकच मांडणी आहे आणि ती वळण्याची आहे, अवधान म्हणजे न घेतलेले वळण, अशी दुसरी उपपत्तीही त्याच आकड्यांवर उभी राहते. लव्हजॉय व क्राउझ्लिस ह्यांनी २०१० मध्ये माकडाच्या कॉलिक्युलसचा छोटा भाग तात्पुरता निष्क्रिय केला, तेव्हा डोळे हलवावयाचे नसतानाही त्या जागेतील माहितीची निवड बिघडली. त्या जागी माकड आंधळे झाले नव्हते. झेनॉं व क्राउझ्लिस ह्यांनी २०१२ मध्ये दाखविले की, अशा वेळी बाह्यकातील पेशींवर अवधानाचा होणारा परिणाम जसाच्या तसा राहतो. बिघडते ती निवडच.

हानीची जुनी कसोटी येथे लावून पाहावी. जेनिक्युलेट पिंडाचा तुकडा गेला तर तेवढे जग दिसेनासे होते. कॉलिक्युलसचा तुकडा गेला तर ते दिसते, पण त्याची दखल घेतली जात नाही. दोन्ही ठिकाणी काढलेले रंगीत चित्र मात्र जवळजवळ सारखेच.

पल्व्हिनारविषयी थोडक्यात सांगतो, कारण तेथे निश्चित असे फारसे नाही. मानवी थॅलॅमसमधील हा सर्वांत मोठा पिंड. आर्कारो, पिन्स्क व कास्टनर ह्यांनी २०१५ मध्ये त्याच्या खालच्या भागात दोन मांडण्या वर्णिल्या; वरच्या भागात त्यांना केवळ स्थूल मांडणी आढळली. बेंडरने १९८१ मध्ये माकडात नोंदविलेल्या दोन मांडण्यांशी ह्याचा मेळ बसतो. परंतु पल्व्हिनारचे बहुतेक धागे बाह्यकाकडून येतात व बाह्यकाकडेच जातात. बाह्यकाची क्षेत्रे स्वतः क्रमबद्ध असल्यामुळे त्यांच्याशी क्रमाने जोडलेला कोणताही पिंड क्रमबद्धच दिसणार. मागावर ताण्याचे धागे एका तुळईपासून दुसरीपर्यंत शेजार न सोडता जातात. त्या धाग्यांवर मध्ये कोठेही बोट ठेवले, तरी तोच क्रम सापडेल. म्हणून तेथे कापडाची नक्षी ठरते असे होत नाही. साल्मान व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये माकडात दाखविल्याप्रमाणे पल्व्हिनार बाह्यकाच्या क्षेत्रांमधील लय जुळवीत असेल, तर त्यातील क्रम हा कोणाशी कोणाची गाठ घालावयाची ह्याचा क्रम आहे. वॉर्ड व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एका रुग्णाच्या अभ्यासावरून पल्व्हिनारमधील मांडणीस अवकाशाचाच नकाशा म्हटले. एका रुग्णावर एवढा मोठा शब्द उभारणे मला धाडसाचे वाटते, यद्यपि त्या रुग्णाच्या चुका, म्हणजे वस्तूचे स्थान चुकणे व एकीचा गुणधर्म दुसरीस लावणे, विचार करावयास लावणाऱ्या आहेत खऱ्या.

आतापर्यंत ‘अवकाश’ हा शब्द मी जाणूनबुजून बाजूस ठेवला होता. ह्या सर्व प्रयोगांत व्यक्तीचे डोके पट्ट्यांनी व उशांनी स्थिर केलेले असते आणि नजर एका बिंदूवर खिळलेली असते. त्यामुळे दृष्टिपटलाचा मध्य, डोक्याची दिशा, धडाची दिशा आणि खोलीचा मध्य ह्या चारही गोष्टी एकाच रेषेत येतात. अशा स्थितीत मिळालेली मांडणी ह्या चारांपैकी कशाची, हे प्रयोगातून निघूच शकत नाही. ती दृष्टिपटलाची आहे असे आपण मानतो, कारण माकडांत तसे आढळले आहे. आणि मग लेखाच्या मथळ्यात मात्र दृश्य अवकाश असे लिहितो. प्रत्यक्ष जीवनात डोळे सेकंदाला सुमारे तीन झेपा घेतात. वॉकर, फिट्झगिबन व गोल्डबर्ग ह्यांनी १९९५ मध्ये माकडाच्या कॉलिक्युलसमधील काही पेशी झेप घेण्यापूर्वीच झेपेनंतरच्या जागेस प्रतिसाद देऊ लागतात असे दाखविले. म्हणजे मांडणी स्वतःच झेपेच्या तोंडावर सरकते. मानवातील नकाशे ह्या सरकण्याच्या नेमके आधी थांबविलेल्या चलच्चित्राचे एक चित्र आहेत.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. मेंदूच्या मागील भागातील प्राथमिक दृष्टिबाह्यक नष्ट झालेल्या काही रुग्णांना आंधळ्या क्षेत्रातील प्रकाशबिंदू दिसत नाही. पण कोठे असेल ते अंदाजाने दाखवा म्हटले, तर ते निव्वळ योगायोगाहून पुष्कळ अचूक दाखवितात. वाइस्क्रान्त्झ व सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये हे प्रसिद्ध केले, आणि पुढे ह्यास अंधदृष्टी हे नाव रूढ झाले. १९६९ मध्ये जेराल्ड श्नायडर ह्याने (वर उल्लेखिलेले श्नायडर ते वेगळे) हॅमस्टरवरील प्रयोगांवरून ‘कोठे’ची दृष्टी कॉलिक्युलसकडे व ‘काय’ची बाह्यकाकडे अशी विभागणी सुचविली होती, त्यामुळे अंधदृष्टीचे श्रेय सहजच कॉलिक्युलसला गेले. कॉलिक्युलसमध्ये नकाशा आहे, नकाशावरून स्थान कळते, म्हणून स्थान तेथेच कळत असले पाहिजे, असे हे अनुमान. परंतु श्मिड व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये बाह्यक गमावलेल्या माकडांचा जेनिक्युलेट पिंड निष्क्रिय केला, आणि उरलीसुरली दृष्टीही गेली. अजिना व सहकाऱ्यांना २०१५ मध्ये मानवी रुग्णांतही जेनिक्युलेट पिंडाकडून बाह्यकाच्या पुढील क्षेत्रांकडे जाणारा मार्गच निर्णायक आढळला. उलट किनोशिता व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये माकडात कॉलिक्युलस व पल्व्हिनार ह्यांचा मार्ग अत्यावश्यक असल्याचे दाखविले. अर्धे दृष्टिक्षेत्र गमावलेल्या रुग्णास कोणता सराव द्यावयाचा, दिसण्याचा की वळण्याचा, ह्याचे उत्तर ह्या वादावर अवलंबून आहे. आणि तिन्ही ठिकाणी नकाशा आहे ह्या माहितीने ते उत्तर तसूभरही पुढे सरकत नाही.

काय करता येईल, हे फार दूरचे नाही. तीच पाचर, तेच कडे वापरावे. मात्र स्थिरबिंदू एकदा पडद्याच्या डावीकडे व एकदा उजवीकडे ठेवावा, आणि मांडणी दृष्टिपटलासोबत जाते की पडद्यासोबत राहते, हे तिन्ही पिंडांत स्वतंत्रपणे तपासावे. सात टेस्लाच्या यंत्रांनी मिळणारे एक मिलिमीटरच्या आसपासचे घनकण कॉलिक्युलसच्या वरच्या दृष्टिसंबद्ध थरांना खालच्या हालचालसंबद्ध थरांपासून काही प्रमाणात वेगळे करू शकतील. तेव्हा दोन थरांतील मांडणी नजरेच्या बदलाबरोबर सारखीच वागते काय, हेही पाहता येईल. तोपर्यंत आपल्या विद्यार्थ्यांनी प्रबंध लिहिताना जेनिक्युलेट पिंडापुरता ‘नकाशा’ हा शब्द ठेवावा, आणि अन्य दोन ठिकाणी ‘क्रमबद्ध मांडणी’ असे लिहून ती कशाची हे पुढच्या वाक्यात स्पष्ट करावे, असे मी सुचवितो. शब्द लांब आहे, आणि परीक्षकांना तो रुचेलच असे नाही.